धूळपाटी ते दुरेघी वही

माझा भाचा साडेतीन वर्षांचा आहे आणि त्याला रोज होमवर्क असतो. गेल्या पावसाळ्यात ताईने त्याच्या वहीचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. दुरेघी वही, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बाईंनी लाल पेनने काढलेला 'अ', आणि त्याच्यापुढे भाच्याने काढलेलं काहीतरी. पहिल्या दोन घरांत त्या काहीतरीला पोट होतं आणि पाठ होती. तिसऱ्या घरापासून ते कोसळत गेलं होतं. पाचव्या घरात पेन्सिलने कागद फाटला होता. खाली शेरा होता, 'लेखनाचा सराव घ्यावा'.

आई अंगणवाडी सेविका आहे. परळीपासून काही किलोमीटरवरच्या एका गावात, मी पहिलीत जायच्या आधीपासून. ग्रुपवर तिने त्या फोटोला काहीच उत्तर दिलं नाही. मी पुण्याहून फोन केला तर म्हणाली, "अरे, त्या लेकराला अजून शर्टाचं बटन लावता येईना. अ कुठला काढतंय?"

तिच्या बोलण्यात शरीरशास्त्र होतं हे मला नंतर कळलं. जन्मताना बाळाच्या मनगटात हाड म्हणावं असं काही नसतं, सगळी कूर्चा असते. पुढे एकेक करून तिथे आठ छोटी हाडं तयार होतात. साडेतीन वर्षांच्या मुलात त्यातली जेमतेम निम्मी झालेली असतात आणि शेवटचं हाड यायला नऊ-दहा वर्षं लागतात. म्हणजे बाईंनी ज्या मनगटाला सराव द्यायला सांगितला होता, ते मनगट अजून पुरतं बनलेलंच नव्हतं.

पण आईची अडचण वेगळी आहे. तिच्या गावातून सकाळी एक पिवळी व्हॅन निघते आणि तीन-चार वर्षांची पोरं परळीतल्या इंग्रजी नर्सऱ्यांत नेऊन सोडते. पाच वर्षांपूर्वी आईच्या अंगणवाडीत जेवढी मुलं बसायची, त्याच्या निम्मी आता बसतात. पालक तिला तोंडावर विचारतात, "बाई, तुमच्याकडं नुसती गाणी अन् खिचडी. लिव्हायला कधी शिकवणार?" स्वतःच्या नातवाचं नावही तिच्या हजेरीपटावर नाही, हे गावाला माहीत आहे. ताईचं म्हणणं असं की तिचा मुलगा पुढे मागे पडला तर आई येणार आहे का निस्तरायला? दोघींचंही मला पटतं, त्यामुळे मी दोघींनाही काही बोललो नाही. त्याऐवजी लहान मुलांना आपल्याकडे लिहायला कधी, कशावर आणि कुणी शिकवलं, हे वाचत बसलो. माझं काम सॉफ्टवेअरचं. काही बिघडलं की आधी जुन्या आवृत्त्या उघडून पाहायची सवय लागली आहे, तिचाच हा परिणाम.

*

सगळ्यात जुनी आवृत्ती आपल्या तोंडात अजून आहे, आपल्याला ती ओळखू येत नाही इतकंच. एखाद्या गोष्टीचा 'ओनामा' केला असं आपण म्हणतो. पंतोजींच्या शाळेत मुलगा पहिलं वाक्य शिकायचा ते 'ओनामासीधं'. म्हणजे 'ॐ नमः सिद्धम्'. गावोगावच्या पोरांनी शतकानुशतकं अर्थ न कळता ओरडून ओरडून त्याचं हे रूप करून टाकलं. त्यातला 'सिद्धम्' हा शब्द फार फिरलेला आहे. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की इथली मुलं सहाव्या वर्षी 'सिद्धम्' नावाचा पहिला धडा सुरू करतात आणि सहा महिन्यांत संपवतात. बौद्ध भिक्षूंबरोबर तो धडा पूर्वेकडे गेला. जपानमधल्या काही मंदिरांत आजही संस्कृत मंत्र ज्या जुन्या भारतीय लिपीत लिहितात, तिला सिद्धम् म्हणतात. आपल्याकडच्या बालवर्गातला पहिला शब्द तिकडे लिपीचं नाव होऊन बसला.

इत्सिंगने दिलेलं वय मी अधोरेखित केलं. सहा. तीन नव्हे. मराठी मुलखातल्या पंतोजींच्या शाळेतही मूल साधारण त्याच वयात जायचं. मात्र माझ्या बाजूला अडचणीचा एक पुरावा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजपुत्राने चौलकर्म झाल्यावर लिपी आणि संख्या शिकावी असं सांगितलं आहे, आणि चौल म्हणजे जावळ, ते पुष्कळदा तिसऱ्या वर्षी होतं. कालिदासाच्या 'रघुवंशा'तला रघूही चौलानंतर लिपी शिकतो. ताईला हे सांगितलं तर ती मला पुढे बोलू देणार नाही. पण राजपुत्राच्या मागे एक गुरू आणि दहा दासदासी असायच्या. परळीच्या नर्सरीत एका बाईंमागे चाळीस राजपुत्र असतात.

वयापेक्षाही मला महत्त्वाचं वाटतं ते मूल कशावर लिहायचं ते. धूळपाटीवर. लाकडी फळीवर बारीक वाळू किंवा विटेची भुकटी पसरायची आणि काडीने किंवा बोटाने अक्षर काढायचं. फळी नसेल तर जमीन होतीच. 'धुळाक्षरं' हा शब्द त्यातून आला. पंतोजी मुलाचं बोट धरून अक्षर काढून देत, मूल त्याच खाचेतून पुन्हा पुन्हा बोट फिरवी. याला 'गिरवणं' म्हणतात. मग हात फिरवला की पाटी कोरी. चुकलेलं अक्षर आणि बरोबर आलेलं अक्षर, दोघांचं आयुष्य सारखंच.

१६२३ साली पिएत्रो देल्ला व्हाले नावाचा इटालियन प्रवासी कर्नाटकात केळदीच्या नायकांच्या राजधानीत, इक्केरीला आला होता. तिथे एका देवळाच्या ओवरीत चार पोरं गणित शिकताना त्याला दिसली. एकजण सुरात म्हणायचा आणि म्हणता म्हणता पुढ्यातल्या बारीक वाळूवर बोटाने लिहायचा, बाकीचे त्याच सुरात तेच म्हणत तेच लिहायचे. जमीन भरली की पुसून नवी वाळू. पाठ्यपुस्तक नाही, वही नाही, आणि त्या वेळी तिथे गुरुजीही नव्हते. विचारल्यावर पोरांनी सांगितलं की अडलं तर आम्हीच एकमेकांना सांगतो.

हाच प्रकार पुढे पावणेदोनशे वर्षांनी मद्रासमध्ये अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने पाहिला. १७८९पासून तो एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेवर होता. देशी शाळेतली मुलं वाळूत बोटाने अक्षरं काढताना पाहून त्याने आपल्या शाळेत तसं सुरू केलं, आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं हेही. १७९७ साली त्याने लंडनमध्ये यावर पुस्तिका छापली. जोसेफ लँकास्टर नावाच्या दुसऱ्या शिक्षकाने लंडनमधल्या गरीब मुलांच्या शाळेत ती कल्पना उचलली. त्याच्या शाळेत सगळ्यात लहान मुलांसाठी वाळूचं टेबल असे. कागदाचा खर्च नाही, एका शिक्षकात शेकडो मुलं. ही 'लँकास्टर पद्धत' जगभर गाजली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मुंबई इलाख्यातल्या नव्या शाळांत ती विलायती सुधारणा म्हणून चालवून बघण्यात आली. आपलीच वाळू, बोटीने जाऊन बोटीने परत. ओपन सोर्सवाल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

*

धूळपाटीची एवढी स्तुती केल्यावर दुसरी बाजू सांगायला हवी. धूळ सगळ्यांच्या दारात होती, पण पंतोजींच्या ओसरीवर बसायची मुभा सगळ्यांना नव्हती. ब्राह्मण, वाणी-उदमी, कुलकर्ण्याचं घर, क्वचित पाटलाचा पोरगा. मुली नाहीत. गावकुसाबाहेरचं कुणी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा काय मोडलं, ते या ओसरीकडे पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादी दिली आहे. त्यात वाचनाबरोबर मोडी लिहिणं, बाळबोध लिहिणं आणि हिशेब आहेत. मोडीचा आग्रह मला आधी विचित्र वाटला. मग लक्षात आलं की सावकाराचा कागद आणि कुलकर्ण्याचं दप्तर मोडीत असायचं. शेतकऱ्याच्या पोराला नुसती पुस्तकातली बाळबोध येऊन भागणार नव्हतं, कारण तो लुबाडला जात होता दुसऱ्याच लिपीत.

मोडी ही वेगाची लिपी. आधी आडवी रेघ ओढायची आणि बोरू न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची. तिच्यात चिटणिशी, बिवलकरी अशी नावाजलेली वळणं होती. हे 'वळण' मराठीतच सुचावं असं आहे. अक्षराचंही वळण आणि मुलाचंही वळण, आणि दोन्ही 'लावायचं' असतं. मोठ्यांचं सुंदर अक्षर समोर ठेवून त्याची नक्कल करायची तो 'कित्ता'. तो शब्द अरबीतून आला, पण आपण थोरांच्या वागण्याचाही कित्ता गिरवतो. लिहायला शिकवणं आणि वाकवणं या भाषेत एकमेकांना फार चिकटून आहेत.

आमच्या घरात पणजोबांची एक लांबट चोपडी आहे. मोंढ्यात त्यांचं छोटं दुकान होतं. सगळी चोपडी मोडीत आहे आणि घरात ती कुणालाच वाचता येत नाही. कोण कुणाला किती देणं होतं ते सगळं आमच्याकडे सुरक्षित आहे आणि कुलूपबंद आहे. मुंबई सरकारने १९१७ साली कारभारातून मोडी काढून बाळबोध आणायचं ठरवलं, पण परळी तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हती, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. इथला कारभार उर्दूत चाले. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं तेही उर्दू माध्यमाचं. शाळेत जसजसं वर जावं तसतशी मराठी मागे सरायची.

आजोबा पोलीस अॅक्शनच्या वर्षी, म्हणजे १९४८ साली, तिसरीत होते. ते सांगायचे की त्यांची पाटी एकच होती पण तिच्यावर दोन बाजूंनी लिहावं लागायचं. मराठी डावीकडून, उर्दू उजवीकडून. आणि संध्याकाळी दुकानात पणजोबा त्याच पाटीवर मोडीचे आकडे काढून घ्यायचे. शेवटपर्यंत आजोबांना उर्दूत स्वतःचं नाव लिहिता यायचं आणि बाकी काही नाही. ते नाव ते आम्हाला वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात काढून दाखवायचे, जादूचा खेळ दाखवावा तसं.

त्या काळात या भागात मुलांना मराठीतून शिकवणं हे सरळसरळ राजकारण होतं. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आधी शाळामास्तर होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, आणि नंतर आमच्या शेजारच्या अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, योगेश्वरीच्या शाळेत. मराठवाड्यात शाळामास्तर आणि पुढारी यांच्यात फार अंतर नसण्याची सुरुवात तिथून झाली असावी. आजही नाही म्हणा, पण तो वेगळा लेख होईल.

*

पाटी म्हटल्यावर माझ्या वयाच्या लोकांना अजून दगडी पाटीच आठवते, लाकडी चौकटीची. ती मात्र फार जुनी नाही. इंग्रजी अमदानीतल्या शाळांबरोबर ती गावोगाव पसरली आणि धूळपाटी हळूहळू गेली. पण जाताना तिने आपला मुख्य गुण पाटीला देऊन टाकला, पुसलं जाणं. ओलं फडकं, नाहीतर थुंकी आणि कोपर. पाटीवरची पेन्सिल आम्ही लिहिण्यापेक्षा जास्त खाल्ली, हेही इतिहासात नोंदवलं पाहिजे. दसऱ्याला त्याच पाटीवर एकाचे आकडे जोडून जोडून सरस्वती काढायची आणि तिला हळदकुंकू वाहायचं. ज्याला धड 'स' काढता येत नाही त्यालाही १ काढता येतो, म्हणून सरस्वती एकांची. हे ज्याने कुणी सुरू केलं त्याला लहान मुलं कळत होती.

आणि फळा. फळ्याची एक गोष्ट मी पाठ्यपुस्तकात नाही, मोठेपणी वाचली. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात मास्तरांनी भीमराव आंबेडकरांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं तेव्हा वर्गात गलका झाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते, ते बाटतील म्हणून पोरं पुढे धावली आणि डबे बाजूला काढले. त्याआधी साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. खडू, फळा, गणित सगळं तेच. पण लिहायला उभं राहिलेल्या मुलाच्या पाठीमागे वर्ग काय करतो, यावर त्याचं लिहिणं ठरतं. भाच्याच्या वहीतल्या लाल शेऱ्याची या प्रसंगाशी तुलना करण्याइतका मी मूर्ख नाही. तरी शेरा पाहिला तेव्हा हेच आठवलं.

*

अगदी लहान मुलांच्या हाताचा शास्त्रोक्त विचार ज्यांनी केला त्यांत मारिया माँटेसोरीचं नाव आधी येतं. १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी 'बालकांचं घर' सुरू केलं. तिथे मुलांना वह्या नव्हत्या. खरखरीत कागदाची कापलेली अक्षरं पुठ्ठ्यावर चिकटवलेली असत. मुलांनी डोळे मिटून त्यावरून दोन बोटं फिरवायची आणि आवाज म्हणायचा. काही महिन्यांनी चार-पाच वर्षांची मुलं आपणहून जमिनीवर, भिंतीवर, खडूने शब्द लिहू लागली. वाचायच्या आधी लिहू लागली. खरखरीत अक्षरावरून फिरणारं बोट म्हणजे गिरवणंच की. फरक एवढा की माँटेसोरीबाई मुलाचं बोट पकडून ठेवत नव्हत्या.

ही पद्धत आपल्याकडे आली ती गुजरातमार्गे. भावनगरला गिजुभाई बधेका १९२०पासून बालमंदिर चालवत होते. राजकोटच्या कॉलेजातली प्राचार्याची नोकरी सोडून ताराबाई मोडक १९२३ साली त्यांच्याकडे गेल्या. पुढे १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार काढलं. तिथवर हे काम शहरी, शिकलेल्या घरांतल्या मुलांचं होतं. माँटेसोरीचं साहित्य महाग, चकचकीत लाकडाचं. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाई ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या आणि त्यांनी ते साहित्य मोडीत काढून शिंपले, बिया, पानं, मातीचे मणी घेतले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या.

बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुलं येईनात. धाकट्या भावंडाला सांभाळायचं कुणी, आंघोळ घालून पाठवायचं कुणी? तेव्हा ताराबाईंनी बालवाडी उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांची नखं कापायची, नाकं पुसायची, मग गाणी, मग मण्यांच्या ओळी. अंगणात भरते ती अंगणवाडी. हा शब्द तिथला. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी अनुताईंनी कुरणातच शाळा भरवली, 'कुरणशाळा'. २ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारने देशातल्या ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्यातल्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. आता ते देशभर आहे, हिंदीतही, तमिळनाडूच्या सरकारी कागदांतही.

हे मी आईला फोनवर सांगितलं. गेली पंचवीसेक वर्षं ती हा शब्द दिवसातून पन्नास वेळा उच्चारते आहे. ती म्हणाली, "अंगणात? आमची तर समाजमंदिरात भरायची, मग एकदाची खोली मिळाली." थोडं थांबून म्हणाली, "पण नाकं मीच पुसते."

*

आमच्या जिल्ह्यात लिहायला शिकण्याला एक वेगळीच सुट्टी असते. दसरा-दिवाळी झाली की बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. बरोबर लहान लेकरं जातात, कारण त्यांना ठेवायचं कुणाकडे? परत येतात ते कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, मार्च-एप्रिलात. पहिलीतलं पोरगं जूनमध्ये शाळेत बसतं, दिवाळीपर्यंत मुळाक्षरं हातात येतात न येतात तोवर बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर दारात उभा राहतो. पाच महिने अक्षरं, सहा महिने वाढं आणि धाकट्या बहिणीला झोका. परत आल्यावर पाटी कोरी झालेली असते, आणि ही मात्र कुणी प्रेमाने पुसलेली नसते.

त्यावर उपाय झाले. नव्वदच्या दशकापासून कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या, जिथे मूल तिथे शाळा, कुरणशाळेचंच तत्त्व. गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आली. कुठे चांगली चालली, कुठे कागदावर चालली. आईच्या अनुभवात जी लेकरं अंगणवाडीत नीट रमली होती, मणी ओवले होते, रव्याच्या ताटलीत बोट फिरवलं होतं, ती परत आल्यावर पुन्हा लवकर धरतात. ज्यांना अंगणवाडीतच धपाटे घालून 'अ' घोटून घेतला, ती परत आल्यावर वहीकडे बघत नाहीत. हा काही संशोधनाचा निष्कर्ष नाही. एका खोलीतली गोष्ट आहे.

*

'अ'चं मला अजून एक सांगायचं आहे. आपली वर्णमाला तोंडाच्या हिशेबाने लावलेली आहे. कंठातून सुरू होते, टाळू, मूर्धा, दात करत ओठांवर येते. जगातल्या फार थोड्या वर्णमाला इतक्या शिस्तीच्या आहेत. पण हाताला तिचा काही उपयोग नाही. हातासाठी 'अ' हे सोपं अक्षर नव्हेच. दोन पोटं, मध्ये आडवी, मग उभी, वर शिरोरेघ. 'ग', 'म', 'भ', 'न' यांत उभी रेघ समान आहे आणि बाकीचं काम थोडं आहे, म्हणून आपल्याकडे पुढे आकाराने जवळची अक्षरं एकत्र शिकवायची रीत आली. कॉम्प्युटरवर मराठी टंकायची सोय जेव्हा दुर्मीळ होती, तेव्हा मराठी संकेतस्थळांवर ज्या साधनाने लोक लिहू लागले त्याचं नावही 'गमभन'च होतं. मोठी माणसं पुन्हा एकदा लिहायला शिकत होती, तेव्हा त्यांना हेच आठवलं. भाच्याच्या वहीत मात्र पहिला धडा 'अ', कारण यादीत तो पहिला आहे.

ताईने त्याच्या सरावासाठी मोबाइलवर एक अॅप घेतलं आहे. काचेवर ठिपक्यांचं अक्षर येतं, त्यावरून बोट फिरवायचं. पाहिलं तर ही धूळपाटीच आहे. बोट आहे, गिरवणं आहे, पुसणं आहे. पण ठिपक्यांबाहेर बोट गेलं की ते टुंग वाजतं आणि तीनपैकी एक तारा जातो. शिवाय त्यातला 'ल' हिंदी वळणाचा आहे, उभ्या दांड्याचा. महाराष्ट्र शासनाच्या आदेशाप्रमाणे मराठी 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. युनिकोडमध्ये दोन्ही 'ल'चा क्रमांक एकच आहे. कुठला दिसणार ते फाँट ठरवतो, आणि फाँटला 'हा मजकूर मराठी आहे' असं कुणीतरी सांगावं लागतं. अॅप बनवणाऱ्याने सांगितलेलं नाही. मी असली कामं करतो, त्यामुळे कुणी का सांगितलं नाही हेही मला माहीत आहे. शुक्रवारची संध्याकाळ असणार. पूर्वी अक्षराचं वळण पंतोजी लावायचे, चिटणीस लावायचे. आता ते एका वगळलेल्या ओळीने लागतं.

नव्या शैक्षणिक धोरणाने २०२०मध्ये तीन ते आठ वर्षांचा एक सलग पायाभूत टप्पा मानला आहे आणि तो खेळातून जावा असं म्हटलं आहे. कागदावर ताराबाई जिंकल्या. पिवळी व्हॅन मात्र रोज निघते. आई म्हणते पालकांना दोष देऊ नको. ज्यांच्या घरात कुणी कधी लिहिलं नाही, त्यांना वहीत काढलेलं अक्षर दिसतं, आणि दिसतं तेवढंच खरं वाटतं. रव्यातलं अक्षर त्यांना घरी नेता येत नाही.

म्हणून तिने यंदा मार्ग काढला. स्वतःच्या पैशाने दोन डझन कोऱ्या वह्या आणल्या, बिनरेघी. मोठी मुलं त्यात उभ्या रेघा, आडव्या रेघा, गोल, जे येईल ते काढतात. ती वर तारीख घालते. शनिवारी वह्या घरी जातात. लाल पेन वापरत नाही. दोन मुलं व्हॅनमधून परत आली आहेत, एक नवीन गेलं आहे.

दिवाळीला मी परळीला होतो. बाहेरून येणाऱ्याला आमच्या गावाबद्दल वैजनाथ माहीत असतो आणि थर्मल माहीत असतं. राहणाऱ्याला राख माहीत असते. सत्तरच्या दशकापासून ती गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर बसते आहे. सकाळी आईची स्कूटी बाहेर उभी होती, सीटवर रात्रीची राख. भाचा तिथे उभा राहून बोटाने काहीतरी मोठं काढत होता. एक गोल, त्याच्या पोटात दुसरा, मग सीटच्या टोकापर्यंत एक लांब रेघ. मन लावून, जीभ बाहेर काढून. मी विचारलं हे काय आहे. तो म्हणाला, "वाचता येत नाही का तुला?"

आई पर्स घेऊन बाहेर आली. तिला साडेनऊच्या मीटिंगला जायचं होतं. त्याने तिच्याकडे बघून विचारलं, "आजी, याच्यावर लाल पेन चालतं का?"

"नाही चालत," आई म्हणाली आणि फडकं शोधायला लागली.